रिमोट डेस्कटॉपवर कॉम्प्युटर बंद पडतो म्हणून फायरवॉल काढायला सांगणारा तो मेसेज

सांगली-मिरजेच्या अकाउंटवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. रिमोट डेस्कटॉप (म्हणजे दुसरीकडचा कॉम्प्युटर नेटवरून चालवायची सोय) लावल्यावर कॉम्प्युटर बंद पडत असेल तर फायरवॉल (म्हणजे नेटवरून येणारं-जाणारं अडवणारा पहारेकरी) आणि अँटीव्हायरस बंद करा, राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (म्हणजे बाहेरून आत यायचं नंबरचं दार) ओपन करा, विंडोज अपडेट कायमचं बंद करा, रॅम वाढवा आणि तरीही नाही झालं तर फॉरमॅट मारा. माझी मावसबहीण मार्केट यार्डातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) मिरजेतून घरी बसून बघते, तिने यातलं पहिलं करून टाकलं होतं आणि पोर्टसाठी नेटवाल्या पोराला फोनही लावला होता. म्हणून हे लिहितोय.

आधी फायरवॉल. अहो, फायरवॉलने अडवलं असतं तर कनेक्शन लागलंच नसतं ना! तुमचं कनेक्शन लागतंय, डेस्कटॉप दिसतोय आणि मग मशीन बंद पडतंय, म्हणजे फायरवॉलने केव्हाच आत सोडलंय. ती काढून क्रॅश थांबणार कसा?

पण सगळ्यात घातक मुद्दा पोर्टचा. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे, जगभरचे चोर दिवसरात्र प्रोग्रॅम लावून तोच उघडा कुठे सापडतो ते बघत असतात, रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, आत शिरायची ही नेहमीची वाट आहे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची खोट जाहीर झाली. विंडोज ७, सर्व्हर २००८, एक्सपी या सगळ्यांत होती आणि पासवर्ड न टाकताच बाहेरच्याला आत येता यायचं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच बंद केला होता, तरी त्याच्यासाठीसुद्धा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) काढला, एवढं ते गंभीर होतं. विंडोज १० मध्ये ती खोट नव्हती हे खरं, पण आपल्याकडे पेढ्यांवर विंडोज ७ अजून चालूच आहे. आणि पुढचं ऐका, नोव्हेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी सापळा म्हणून मुद्दाम उघडी ठेवलेली मशीन या हल्ल्यांनी निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट व्हायला लागली, हल्ला कळला तोच त्यामुळे. म्हणजे जो क्रॅश थांबवायला पोर्ट उघडायचा, तोच क्रॅश बाहेरून घरात घ्यायचा. घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा खाजगी बंदिस्त रस्ता, लावा.

अपडेटचं थोडं मान्य करावं लागेल. फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज सर्व्हर २०२५ वर रिमोट सेशन लागल्या लागल्या गोठायचं, माउस-कीबोर्ड चालायचा नाही, मायक्रोसॉफ्टनेच ते कबूल केलं. पण ते दुरुस्त झालं तेही नंतर आलेल्या अपडेटनेच. कायमचं बंद करून बसला असता तर?

रॅम खराब असेल तर मशीन रिमोट नसतानाही बंद पडेल. आणि फॉरमॅट मारलात तर मिनीडंप फोल्डरमधला (तिथे विंडोज क्रॅशची माहिती साठवतं) पुरावाच पुसला जातो.

खरं करायचं ते असं. आधी बघा बंद काय पडतंय, घरचं मशीन, ऑफिसचं मशीन की नुसतं सेशन तुटतंय. नुसतं तुटत असेल तर नेट बघा. ऑफिसचं मशीनच रिस्टार्ट होत असेल तर तिथे इव्हेंट व्ह्युअर (विंडोजची नोंदवही) उघडून सिस्टिम लॉगमध्ये १००१ नंबरची नोंद शोधा, तिच्यात स्टॉप कोड, म्हणजे क्रॅशचं कारण सांगणारा नंबर, असतो. बहिणीच्या ऑफिसच्या मशीनवर ११६ होता, म्हणजे व्हिडिओ टीडीआर फेल्युअर, थोडक्यात ग्राफिक्स ड्रायव्हर. ड्रायव्हर नवीन टाकला, ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) रिमोट डेस्कटॉपसाठी डब्ल्यूडीडीएम नावाचा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरायचं सेटिंग डिसेबल करून मशीन रिस्टार्ट केलं, आणि बंद पडायचं थांबलं. एक रुपयाची रॅम लागली नाही. प्रिंटला गेल्यावरच सेशन अडकत असेल तर कनेक्ट करण्याआधी रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतल्या लोकल रिसोर्सेसमध्ये प्रिंटरची टिक काढून बघा.

ज्यांनी मेसेज वाचून पोर्ट उघडलाय त्यांनी आजच राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमधून ३३८९ ची ओळ काढा, फायरवॉल आणि अँटीव्हायरस चालू करा. मग त्याच इव्हेंट व्ह्युअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ च्या नोंदी बघा, ती लॉगिन फसल्याची नोंद असते. अनोळखी नावांनी ढीगभर दिसल्या तर सगळे पासवर्ड बदला, मशीन जाणकाराकडून तपासून घ्या, आणि टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो मशीनमधून काढून कपाटात ठेवा.