फिशमध्ये एम नाही

चहाच्या हॉटेलात पेपर एक आणि गिऱ्हाइकं वीस, त्यामुळे इंग्रजी पेपरातला अक्षरांचा चौकोन ज्याच्या हाती आधी लागला त्याचा, निदान भाजीपाव संपेपर्यंत तरी, असा पणजीचा अलिखित कायदा. काल तो मोडला गेला. मोडणारे काका मार्केटातून रिकाम्या पिशवीनिशी आले होते. जुलै महिना. ट्रॉलरना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी, त्यामुळे इसवण, म्हणजे सुरमई, दिसत नव्हता आणि जे दिसत होतं त्याचा भाव ऐकून काका थेट माझ्या टेबलावर येऊन बसले.

चौकोन असा: पहिल्या ओळीत आर, एच, आय, दुसऱ्या ओळीत एस, एम, ए, तिसऱ्या ओळीत एफ, एन, ई. चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द शोधायचे, चौकोनातलं अक्षर एकदाच वापरायचं, मधलं एम प्रत्येक शब्दात हवंच. विशेषनामं नाहीत, नुसता एस लावून केलेली अनेकवचनं आणि क्रियापदं नाहीत. नऊच्या नऊ अक्षरं वापरणारा एक तरी शब्द असतोच.

"कितें सोदता, बाब?"

"शब्द."

काकांनी पेपर स्वतःकडे फिरवला. मला तो उलटा दिसू लागला. "फिश!" ते म्हणाले.

"चालत नाही. फिशमध्ये एम नाही."

"फिशमध्ये एम कशाला?"

"मधलं अक्षर आहे. नियम आहे."

"बाजारात नुस्तें ना, पेपरातूय ना," काका म्हणाले (नुस्तें म्हणजे मासळी) आणि भाजीपाव मागवला. "बरं, मग मिरामार लिहा."

मिरामारमध्ये एम दोन, आर दोन, ए दोन. चौकोनात प्रत्येकी एकच. शिवाय ते ठिकाणाचं नाव. हे सांगितलं तर म्हणाले, "पण आहे की इथे, चालत जाता येतं." त्यानंतर त्यांनी मरीना आणला (ए दोन), मग मारिया आणली (ए दोन, वर माणसाचं नाव), आणि प्रत्येक नकारानंतर माझ्याकडे असं पाहिलं, जणू ए मीच कुठेतरी लपवून ठेवला आहे.

शेवटी मी पद्धत समजावली. ती समजावली नसती तर बरं झालं असतं, पण समोरचा माणूस बांगड्याचा भाव सांगतो तसं शब्द सांगत सुटला की कोणाचाही धीर सुटतो. नऊ अक्षरांच्या मांडण्या ३,६२,८८० होतात. सेकंदाला एक तपासली तरी शंभर तास लागतात, म्हणून डोळे मिटून उलटसुलट करण्यात अर्थ नाही. आधी चौकोन मोडायचा. चौकोनात नजर ओळीने फिरते आणि 'आरएचआय' असा गोळा डोक्यात बसतो. म्हणून स्वर मध्ये लिहायचे, व्यंजनं त्यांच्याभोवती गोल. मग शेपट्या वेगळ्या काढायच्या: ईआर, आयएसएच, एमएएन. मग जोडीने येणारी अक्षरं: एसएच, एफआर. मग लहान शब्द फिरवून पाहायचे. नेम मिळाला की मीन, मेन आणि आमेन त्याच चार अक्षरांत बसलेले असतात.

सातांच्या शब्दांत खरी मजा आहे. मरीन्स, रिमेन्स आणि सेमिनार यांची अक्षरं तीच. पण पहिला अनेकवचन, दुसरा शेपटीला एस लावलेलं क्रियापद, म्हणजे पेपरच्या नियमाने सेमिनार एकटाच उरतो. एसचा हा धाक जुना आहे. स्क्रॅबल रचणाऱ्या अमेरिकन आल्फ्रेड बट्सने पेपरांतली अक्षरं मोजून शंभर सोंगट्या ठरवल्या. ई बारा, पण एस चारच. कारण एस मुबलक ठेवला तर जो तो शब्दाला एस चिकटवून गुण उकळणार.

फोनवर अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणाऱ्या सोयी आहेत, हे मला माहीत आहे. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवतात. वरच्या तिन्ही शब्दांची किल्ली मग एकच होते: ए, ई, आय, एम, एन, आर, एस. तुमची अक्षरंही तशीच लावायची आणि किल्ली जुळवायची, एवढंच. पण ते यंत्र निदान विचारल्याशिवाय बोलत नाही.

माझे फॅमिश, मिसहिअर, मरीन झाले होते. एमएएन ही शेपटी लावून फायरमनही लिहिला होता. बाहेर फक्त एस आणि एच उरले होते. म्हणजे मी दाराशी उभा होतो, हात कडीवर होता.

"शेपटी म्हणालात ना," पाव बुडवता बुडवता काका म्हणाले, "मग माझ्या फिशाला लावा ना ती. फिश. ईआर. मॅन."

फिशरमन. नऊ अक्षरं, एम धरून. अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात. गल्ल्यावरचा मालकसुद्धा "अरे वा!" म्हणाला. मला नव्हे, त्यांना. आणि त्यांनी माझ्याच पेनने तो माझ्याच चौकोनाशेजारी लिहिला, कॅपिटलमध्ये, एफला शेपूट काढून.

आज उत्तरांची यादी आली. फिशरमन ठळक अक्षरांत सगळ्यात वर. त्याखाली बाकीचे, मुंगीएवढ्या टायपात. मी फिरमान शोधला: एफ, आय, आर, एम, ए, एन, आपल्या फर्मानाचंच इंग्रजी रूप, चांगल्या कोशांत असतं. यादीत नाही. का नाही, हे कोणी सांगत नाही. गोवा हा शब्ददेखील स्क्रॅबलच्या कोशात आहे, तिबेटमधल्या एका हरणाचं नाव म्हणून, पण आमच्या पेपरवाल्यांनी तो कधी धरलेला मला तरी दिसला नाही. इंग्रजी शब्द कुठला खरा हे ठरवणारा माणूस कुठे बसतो हे एकदा कळायला हवं. त्याला मी भाजीपाव खाऊ घालीन आणि समोर काकांना बसवीन.

काका आज माझ्या आधी आले होते. पेपर त्यांच्याकडे. नव्या चौकोनाशेजारी बॉलपेनने 'प्रॉन' लिहून झालं होतं. चौकोनात डब्ल्यूच नव्हता.