फलाटावर राहिलेली लेक

अमेरिकन जोडपं बनून राहणाऱ्या सोव्हिएत हेरांच्या 'द अमेरिकन्स' या मालिकेवरच्या लेखात म्हटलंय की तिचा शेवट थंड आहे, खूनखराबा नाही; हे मत मला पटलं नाही. २०१८ साली पाहिला तेव्हा माझं सगळं लक्ष गॅरेजमध्ये पिस्तूल रोखून उभ्या स्टॅनवर, त्यांच्या शेजारच्या एफबीआय एजंटवर, होतं. आता सहाही सीझन परत पाहिले आणि त्यांच्या लेकीपाशी, पेजपाशी अडकले. आईबाप पळून जात असताना गाडी सुटते, आईला, एलिझाबेथला, खिडकीतून लेक फलाटावर उभी दिसते, आणि वेषांतरामुळे हाकही मारता येत नाही! जूनमध्ये माझ्या लेकीला नोकरीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवून कोल्हापूर स्टेशनवर मीच अशी उभी होते. इथे उलटं, आई गाडीत. केरी रसेलचा तो चेहरा बघून पोटात कालवलं. आणि मागे राहिलेल्या पेजच्या धाकट्या भावाबद्दल, हेन्रीबद्दल, लेखात एक ओळही नाही, ते पोर तर काहीच न कळता पोरकं झालं.