कूलर कुणाचा?

मे महिन्यातली दुपार. वर्ध्याकडच्या आमच्या गावात या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. मी मात्र रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोजेक्ट कंपाइल करत, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवत बसलोय. कालच कंपायलर (हे काम करणारा प्रोग्रॅम) नवा टाकला, त्यामुळे 312 पॅकेजं (कोडचे तयार गठ्ठे) सगळी पहिल्यापासून. समोर कूलर, आणि कूलरच्या नि माझ्या मधे बाजेवर बाबा.

"किती झालं?" बाबा डोळे मिटूनच विचारतात.

"एकशे चाळीस."

"तवरीक मी अर्धं वावर डवरलं असतं."

भाषा चांगली की वाईट, हे ठरवायचं माझं माप एकच: लाइन जायच्या आत बिल्ड, म्हणजे हे सगळं कंपाइल, होतं का? पुण्यातल्या मित्रांना मेमरी सेफ्टी (मेमरी वापरताना चुका न होणं) वगैरे सुचते, कारण त्यांच्याकडे लाइन असते. या मापानं 2009 साली जाहीर झालेली गो ही भाषा माझी लाडकी. सी प्लस प्लस या भाषेतलं बिल्ड संपायची वाट बघताना ती सुचली, असं तिच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक सांगतात. म्हणजे वैतागातूनच जन्म! न वापरलेलं इम्पोर्ट (बाहेरून मागवलेला कोड) दिसलं की तिचा कंपायलर सरळ नाही म्हणतो. आमच्या आजीचंही रिकाम्या डबड्यांबाबत हेच धोरण होतं.

रस्टच्या वेळखाऊपणाचं खापर सगळे बॉरो चेकरवर (कोण कुणाची मेमरी उधार वापरतंय हे तपासणाऱ्या भागावर) फोडतात. नावातच उधारी, त्यामुळे संशय तिकडेच जातो. पण बराचसा वेळ दुसरीकडेच जातो: जेनेरिक फंक्शनची (अनेक प्रकारच्या डेटाला चालणाऱ्या कोडची) प्रत्येक प्रकारासाठी वेगळी प्रत निघते (लग्नात पाहुण्यागणिक वेगळी चूल मांडावी तशी), मग एलएलव्हीएम हे कंपायलरमागचं साधन त्या सगळ्या प्रती घासूनपुसून लखलखीत करतं, आणि शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर. घाई असेल तर 'कार्गो चेक' आहे. तो चुका दाखवतो, पण चालवायला प्रोग्रॅम काही देत नाही. मार्केटात भाव विचारून कापसाची गाडी घरी परत आणावी, तसं.

बरं, हे बिल्ड जानेवारीत 11 मिनिटांत झालं होतं. कोड तोच, भाषा तीच. मे उजाडला आणि 19. चिप तापली की स्वतःच चाल मंदावते. आता यात रस्टचा काय दोष? मी हळूच लॅपटॉप कूलरसमोर सरकवला.

"माया वारा अडवून राह्यला तू," बाबा उठून बसले. मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. जन्मभर कापूस जिनिंगवर नेलेला माणूस.

"करवतीचं जिन भराभर रुई काढते, पण धागा तोडते. रोलरचं हळू चालते, धागा लांब राह्यते. तुयं कोनतं?"

"रिलीज बिल्ड आहे बाबा, हळू पण चांगलं. रोलरचंच."

"मंग बोंबलतं कायले?"

309 वर आकडा आला आणि लाइन गेली. कूलर घरघरत थांबला. लॅपटॉपची बॅटरी जुनी, दहा मिनिटं टिकली तर नशीब. बाबांनी कोपऱ्यातलं सूप उचललं. मला वाटलं स्वतःला वारा घेतील. ते लॅपटॉपला वारा घालायला लागले.

"पाह्य, हालला का आकडा?"

हालला होता. 310.