निपाणीच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

व्हिएतनाममध्ये राहून मी इंग्रजीची टीचर कशी झाले त्या पोस्टवर तुम्ही लिहिलंय की मराठी मीडियमच्या मुलीनं चार आठवड्यांचा कोर्स करायचा आणि तिकडच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं ही त्या पोरांची फसवणूक आहे, आणि सीमाभागातल्या मराठी शाळांना माणूस मिळेना ते आधी बघा. तीन दिवस हेच डोक्यात घोळतंय. तुम्ही तीस वर्षं शाळेत काढलीत, तेव्हा दोन ओळीत 'धन्यवाद' लिहून मोकळं होणं मला जमणार नाही.

आधी तुमचं बरोबर आहे ते. 'चार आठवड्यांत टीचर' असा मथळा मी द्यायला नको होता. मी केला तो केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवायचं सर्टिफिकेट, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागं ट्यूटर वही घेऊन बसलेले असतात आणि तास संपला की काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगतात, शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास बसून बघायचे, चार लेखी असाइनमेंट वेगळ्या. हा साधारण 120 तासांचा कोर्स. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतं त्या सर्टिफिकेटवर पण 120 च तास लिहिलेलं असतं, पण त्यातल्या बऱ्याच कोर्समध्ये एकही पोरगं समोर येत नाही. हा फरक मी पोस्टमध्ये लिहिलाच नव्हता. तेवढ्यावर कुणी वर्गात उभं राहिलं तर तुमचा फसवणूक हा शब्द मला मान्य आहे.

दुसरी चूक कागदपत्रांची, ती तुम्ही काढली नाहीत पण मीच सांगते. नवऱ्याच्या व्हिसावर राहता येतं, नोकरी करता येत नाही, नोकरीला स्वतःचं वर्क परमिट लागतं आणि तेही जास्तीत जास्त दोन वर्षांचं. माझी डिग्री धारवाडच्या युनिव्हर्सिटीची, ती आधी बेंगळुरूला, मग दिल्लीत परराष्ट्र खात्याकडं, मग वकिलातीत अशी शिक्के घेत फिरली, वर पोलिसांचा दाखला, मेडिकल, आणि भारतीय म्हणून इंग्रजी येतं याचा पुरावा वेगळा. पोस्ट वाचून आपल्या बेळगावच्या एका मुलीनं मला विचारलं, ताई, एजंट म्हणतोय टुरिस्ट व्हिसावर जा, परमिट नंतर बघू, जाऊ का? जाऊ नकोस. कुणीच जाऊ नका, टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे आणि पकडलं गेलं तर भोगावं तुम्हाला लागतं, एजंट फोनसुद्धा उचलणार नाही.

आता जिथं पटत नाही ते सांगते. ज्याची मातृभाषा इंग्रजी तोच ती शिकवू शकतो, असं तुमच्या लिहिण्यात धरलेलं आहे. इथल्या सायगॉन शहरातल्या (आताचं हो ची मिन्ह सिटी) एका सेंटरनं मला हेच सांगितलं होतं, डेमो आवडला पण पालकांना गोरा चेहरा लागतो म्हणून. तिथून घरी येताना बसमध्ये रडले होते मी. पण गुरुजी, तुम्ही-मी सीमाभागातले, आपण तरी असं म्हणू नये. पुण्यात आपल्या पोरानं 'कुठं जाऊलास' म्हटलं की हसतात, कानडी हेल आहे म्हणतात, म्हणून आपली मराठी खोटी ठरते का?

खानापूरला आमच्या शेजारी एक कानडी काकू होत्या. त्यांनी एकदा मला विचारलं, बस आली आणि ट्रक आला, दोन्हीला चाकं, दोन्ही रस्त्यावर, मग एक बाई आणि एक बाप्या कसा? कानडीत माणसं सोडली तर सगळं नपुंसक, त्यामुळं त्यांना हे कळेचना. आणि माझी मातृभाषा असून मला उत्तर देता आलं नाही, तसंच म्हणतात एवढंच सांगत राहिले. इंग्रजीतलं 'ए' आणि 'द' मात्र मी सांगू शकते, कारण मराठीत ते नाहीत आणि पाचवीपासून बीएपर्यंत मी तिथंच अडखळलेय. कुठं पाय अडकतो ते मला माहीत आहे.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात आठ-नऊ वर्षांची मुलं आहेत. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात, आणि 'आय' नंतर तर एकही नाही, त्यामुळं नाईस, नाईन, नाईट तिन्ही ऐकताना 'नाय' असंच येतं. मी डाव्या हाताची तीन बोटं वर धरते, एकेका आवाजाला एक बोट, आणि शेवटचं बोट दाबून थांबते. एक मुलगी महिनाभर ते शेवटचं बोट गाळायची, मग एक दिवस तिनंच माझं बोट धरलं आणि 'नाईन' म्हणाली, शेवटचा 'न' अगदी स्पष्ट. मी तिला रागावले नाही कारण कोर्समध्ये मी स्वतः व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला एकच 'व' म्हणत होते, आणि स्वयंपाकघरात आरसा ठेवून, खालच्या ओठावर दात टेकवून व्हीचा आवाज बसवला होता. ती मुलं मला 'को' म्हणतात, म्हणजे मॅडम, आणि त्याच शब्दाचा अर्थ आत्यासुद्धा होतो. मला आपल्या शाळेतल्या 'बाई'ची आठवण येते.

राहिलं मराठी शाळांचं. त्या टिकल्याच पाहिजेत, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय सरकारनं करावी हे घटनेच्या 350अ कलमात आहे, आणि मी जे काही शिकले ते त्याच शाळेच्या जोरावर. पण पालक पोरं काढून घेतात ते इंग्रजीच्या भीतीनं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघितलंय. ती भीती मराठी शाळेतच घालवता येते असं मला मनापासून वाटतं.

इथं टेटची, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत असते, तेव्हा आपल्याकडं शाळा चालू असतात आणि मी खानापूरला असते. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मराठी शाळेत मला आठवडाभर सहावीचा इंग्रजीचा तास मिळवून द्या, पैसे नकोत. तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसा, आणि काय चुकलं ते तास संपल्यावर सगळं सांगा. पोस्टचा मथळा मी आज बदललाय.