धावपट्टीवर घर्षणाचा आकडा 0.40 आला म्हणजे सगळं ठीक? साफ चूक!

ताईचं विमान हिमवृष्टीमुळे दुसऱ्या विमानतळावर वळवलं, आणि लगेच कुणीतरी तिला तो फिरता मेसेज पाठवला: ‘घर्षण मोजणाऱ्या गाडीचा आकडा 0.40 च्या वर गेला की धावपट्टी सुरक्षित. आधीचं विमान उतरलं, म्हणजे तुमचंही उतरतं. ब्रेक नाही लागले तरी रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग कमी करणं) आहेच. बाकी सगळी कंपन्यांची कारणं.’ ती वैमानिकावरच चिडून बसलीय.

सगळ्यात घातक तो 0.40. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) जुन्या तक्त्यात 0.40 आणि त्यावर ‘चांगलं’ ब्रेकिंग असं होतं, हे खरं. पण तो तक्ता फक्त दबलेलं हिम आणि बर्फ यांच्यापुरता होता. ही अट मेसेजमधून गायब! ओलं हिम किंवा स्लश (पाण्याने भिजून पातळ झालेलं हिम) असेल तर गाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. गाडीचं वजन, टायरमधला दाब, वेग, सगळंच वेगळं. जेट विमान टेकतं तेव्हा ताशी 200 किलोमीटरच्या वर असतं. या आकड्यावरून विमानाचं ब्रेकिंग सांगता येत नाही, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, एफएएचंच म्हणणं आहे. म्हणून तिथे ऑक्टोबर 2016 पासून वैमानिकांना हे आकडे देणंच बंद झालं. आता धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला 0 (सगळ्यात वाईट) ते 6 (कोरडी) असा कोड मिळतो. आयसीएओनेही नोव्हेंबर 2021 पासून हीच पद्धत आणली. थर कशाचा, किती जाड, तापमान किती, यावर कोड ठरतो. ओलं हिम 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर 5, त्याहून जाड झालं की थेट 3. स्लश 3 मिलिमीटरच्या वर गेला की 2. ओल्या बर्फाला 0, म्हणजे उतरणं बंद. गाडी आजही फिरते, पण ती कर्मचाऱ्यांना अंदाज पडताळायला.

रिव्हर्स थ्रस्टचं म्हणणं अर्धं मान्य. निसरड्या धावपट्टीवर त्याचा मोठा आधार असतो. पण 8 डिसेंबर 2005 ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर काय झालं? आधी उतरलेल्या विमानांकडून ब्रेकिंगचे ‘बरं’ आणि ‘वाईट’ असे उलटसुलट निरोप आले होते. साउथवेस्ट कंपनीचं 1248 क्रमांकाचं विमान उतरलं, रिव्हर्स थ्रस्ट सुरू व्हायला सुमारे 18 सेकंद गेली, विमान कुंपण तोडून रस्त्यावर आलं आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. अंतराच्या गणितात रिव्हर्स थ्रस्ट आधीच धरलेला होता, वर शिल्लक फारसं काही नव्हतं.

आणि कारणं? विमान वळवलं की इंधनाचा, कर्मचाऱ्यांचा जादा खर्च कंपनीच्याच अंगावर पडतो, मग ती उगाच कशाला वळवेल?