वेताळ कसा किलो?

पुण्याला बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईला चोर बाजार आहे. तिकडच्या लोकांना जुनी कॉमिक्स हवी झाली की ते नाश्ता करून, पिशवी घेऊन निघतात. आमच्या विदर्भात, दारव्हा-आर्वी-मोर्शीकडे, आठवडी बाजार भरतो, आणि त्यात जुनं म्हणून जे मिळतं ते मागच्या बाजारातलं वांगं. म्हणून वेताळ (इंग्रजीतला फँटम), मॅन्ड्रेक, बहादूर हे कॉमिक्सचे नायक आणि चांदोबा मासिक यांचा माग काढायचा तर बाजाराच्या पार शेपटाशी जावं लागतं. मिरची, कांदा, दोर-दावी, बकऱ्या संपल्या की एक ताडपत्री अंथरलेली दिसते. तिच्यावर किल्ल्या नसलेली कुलुपं, कुलुपं नसलेल्या किल्ल्या, टीव्ही गेला पण मागे राहिला असे रिमोट, सायकलच्या घंट्या आणि एक अडकित्ता. पुस्तकांचा गठ्ठा असलाच तर तो विकायला नसतो. ताडपत्रीचा कोपरा उडू नये म्हणून दगडाच्या जागी ठेवलेला असतो.

खरा माल मात्र बाजारात येतच नाही. तो माळ्यावरून कबाड्याच्या हातगाडीवर, तिथून गोदामात आणि गोदामातून कागद कारखान्यात जातो. एखादा गठ्ठा वाटेत भजेवाल्याकडे वळतो. आमच्यासारख्यांनी करायचं एवढंच, की या वाटेत कुठंतरी आडवं पडायचं.

आडवं पडण्याचे मोसम ठरलेले आहेत. दिवाळीच्या आधीची झाडलोट हा एक. दुसरा मे अखेर ते मिरगाच्या आत, कारण तेव्हा कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला माणूस वर चढतो आणि तीस-चाळीस वर्षं कोणी न पाहिलेला माळा त्याच्या नजरेला पडतो. तिसरा मोसम कॅलेंडरात नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, किंवा घरकुल मंजूर होऊन मातीचं घर पाडायला काढलं, की सांदुकी बाहेर येतात. सांदुकीत वर पैठणी, खाली सातबारा, त्याखाली वेताळ. सातबाऱ्यावरून भांडण चालू असतं, वेताळ अंगणात पडलेला असतो. अशा वेळी "पुस्तकं नेऊ का?" विचारणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, फक्त दोन्ही भावांना वेगवेगळं विचारावं लागतं.

आता भाव. कबाड्याच्या लेखी जगात तीनच साहित्यप्रकार आहेत: पेपर, वही-पुस्तक आणि पुठ्ठा. पेपरचा भाव सगळ्यात वर, कारण त्यात पुडी बांधता येते. 1964 साली टाइम्सच्या बेनेट-कोलमन कंपनीने सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ यात यायचा) त्याच्याकडे वही-पुस्तकात मोडतात, म्हणजे कालच्या पेपरपेक्षा स्वस्त. हे सुख तुम्ही हात लावेपर्यंतच टिकतं. वस्तूला भाव नसतो, तुमच्या तोंडाला असतो. डोळे जरा चमकले की संपलं.

"कायले पायजे हे?"

"लेकरायले चित्रं दाखवाले."

"लेकरायले मोबाइल द्या ना भाऊ. हे अँटिक हाय."

हा अँटिक शब्द गावोगाव पोचला आहे. म्हणून हव्या असलेल्या अंकाकडे पाहायचंच नाही. आधी तीन वर्षांपूर्वीचं दहावीचं गाइड उचलायचं, त्याची घासाघीस करायची, मग दोन पाककृतींची पुस्तकं, आणि शेवटी "हे बी टाका त्यात" म्हणून वेताळ. घरी दहावीची गाइडं साचतात, त्याला इलाज नाही. ओळीने सात वर्षांची गाइडं असलेल्या घरात विद्यार्थी नसेल, तर तिथं इंद्रजाल नक्की असतात.

वजन करायच्या आधी अंक पाहून घ्यायचा, पण पाहतो आहोत असं दिसू द्यायचं नाही. ही कॉमिक्स मधोमध दोन पिना मारलेली असतात. आपल्या हवेत पावसाळ्यात पिना गंजतात, गंज कागद खातो आणि सगळ्यात आधी मधला ताव सुटतो. 32 पानी अंकात मधल्या तावावर 15 ते 18 ही पानं असतात. म्हणून मध्यभागी उघडून 14 नंतर थेट 19 येतं का ते बघायचं. खलनायक चौदाव्या पानावर पिस्तूल रोखतो आणि एकोणिसाव्यावर तुरुंगात असतो. मधे काय झालं हे सांगायला वेताळ येत नाही. शेवटचं पान फाटलं असेल तर पहिलंही तपासा, कारण 1-2 आणि 31-32 एकाच तावावर. एक गेलं की दुसरं अधांतरी.

क्रमांक वाचायलाही शिकावं लागतं. इंद्रजालचे पहिले 32 अंक नुसते वेताळाचे, मॅन्ड्रेक वगैरे मंडळी त्यानंतर आली. आबिद सुरतींचा बहादूर 1976 चा. सुरुवातीचे चारशेहून जास्त अंक सरळ आकड्यांनी गेले आणि पुढे खंड-अंक अशी मोजणी लागली, त्यामुळे 'खंड 20' पाहून कोणी विसावा अंक म्हणून गळ्यात मारत असेल तर हसून सोडून द्यावं. मालिका 1990 ला बंद पडली. अमर चित्रकथेत उलटं फसणं होतं. अनंत पैंनी 1967 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत 'कृष्ण' अकरावा होता. त्याच्यावर 501 दिसला की ती पुढच्या काळातली छपाई समजायची. वाचायला तितकीच छान, पण जुनी नाही. चांदोबा मराठीत 1952 ला आला. तो सापडतो पुष्कळ, अडचण मुखपृष्ठाची असते. चित्रकार वड्डादी पापय्यांनी काढलेला देव इतका सुरेख की घरच्यांनी पान कापून फ्रेम केलेलं असतं. आतला अंक माळ्यावर, देव देवघरात. देवघरातलं मागायला आपली जीभ रेटत नाही.

अंकावर काय काय निघतं याचा वेगळा हिशेब हवा. नायिकेला मिशा असतातच. "हे पुस्तक चोरणाऱ्यास पाप लागेल" हे प्रत्येक चौथ्या पानावर, आणि त्याखाली त्या पुस्तकाच्या तीन वेगवेगळ्या मालकांची नावं, म्हणजे पाप दोनदा लागून गेलेलं. स्टँडजवळच्या पानठेल्यावर चाराणे रोजाने मिळायचे ते अंक लगेच ओळखू येतात. तीन-चार अंक एकत्र घेऊन दाभणाने सुतळी ओवलेली, वरून पुठ्ठा, कण्याला कणकेची खळ आणि कडा कटरने सरळ केलेल्या. कटरबरोबर वरची ओळ गेलेली असते, त्यामुळे फुग्यातली माणसं अर्धंच बोलतात. खळ दिसली की भिंगाने कणा पाहावा. पांढुरकी भुकटी आणि कागदावर पापुद्रा ओरबाडल्यासारख्या वाकड्या खुणा म्हणजे कसर लागली. मातीची बारीक नळी म्हणजे उधई, म्हणजेच वाळवी. तो गठ्ठा फुकट दिला तरी घरात आणायचा नाही, कारण उधई वेताळावर थांबत नाही, चौकटीकडे जाते.

एक सूचना हसण्यावारी नेऊ नये. माळ्यावर कागदाशेजारी बियाणं आणि फवारणीचं औषध ठेवायची आपल्याकडे सवय आहे, आणि उंदीर-किड्यांसाठी पावडरही टाकलेली असते. तेव्हा थुंकी लावून पान उलटायचं नाही, तोंडाला रुमाल बांधायचा आणि हात साबणाने धुवूनच भाकर खायची.

माल घरी आला की पहिली ऊर्मी उन्हात घालायची. पापड, सांडया, मिरची, गादी, सगळं उन्हात घालणाऱ्या मुलखात ती येणारच. ती दाबावी. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनवर ऊन आणि हवा लागली की पिवळा पडतो, मग कडा तुटतात. एप्रिल-मेच्या आपल्या 45 अंशांत एका दुपारी अंकाचा पापड होतो. ओलसर अंक सावलीत, पानांमध्ये कोरे कागद घालून, कागद रोज बदलत वाळवायचे. मग प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून पंधरा दिवस फ्रीजरमध्ये, कीड मारायला. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट पानांवर बसतं. पंधरा दिवसांत लाइन गेली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची. म्हणजे लोडशेडिंगच्या गावात वेताळ पोळ्याला आत जातो आणि दसऱ्याला निघतो. दरम्यान बर्फाच्या ट्रेसाठी कोणी फ्रीजर उघडलं तर काय बोलणं ऐकावं लागतं ते लिहीत नाही.

गंजलेल्या पिना आतल्या बाजूने बोथट सुरीने उघडून काढायच्या आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवायचा. चिकटपट्टी कधीही नाही: दहा वर्षांत पट्टी गळते, डिंक राहतो, आणि त्याचा तपकिरी पट्टा जन्मभर. ठेवायला नव्या सदऱ्याची कुरकुरीत पिशवी चालते. मऊ, वास मारणारं, हाताला चिकटणारं प्लास्टिक नको, ते शाई ओढतं.

कॉमिक्ससोबत नाणी येतातच, आणि तिथं मोबाइलने सत्यानाश केला आहे. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट आणि 2012 चं वैष्णोदेवीचं नाणं लाखांत जातं, असा व्हिडिओ प्रत्येक गावात पोचला आहे. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढलं, की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांची खरेदी-विक्री चालते ती फसवणूक आहे. ते पत्रक गावात पोचलं नाही. म्हातारी ट्रॅक्टर लुगड्याच्या गाठीत बांधून बसते, आणि तिच्या डब्यातले राणीछाप कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये, मात्र चिंच-राखेने घासून लखलखीत करते, म्हणजे होती ती किंमतही उतरवते. कलदाराचं वजन 11.66 ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर ते जुळलं नाही तर पुढे बोलायचं नाही. 1939 पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, 1940 पासून निम्मीच. 1947 चा वाघवाला रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो, म्हणून नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नये. आणि 1818 सालचं राम-सीतेचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं कोणी दाखवलं, तर नमस्कार करून पुढे जावं. देव खरे, नाणं खोटं. कंपनीने असलं नाणं पाडलंच नव्हतं.

शकुंतला रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं मात्र मिळाली तर सोडू नयेत. मूर्तिजापूरहून यवतमाळ-अचलपूरकडे धावायची ती ही 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी. तिची तिकिटं कोणी जपली असतील तर ती पोथीतली खूण म्हणून. पोथी कोणी विकत नाही. आपल्या खिशातली एसटीची दोन तिकिटं पुढे करावी, खुणेला खूण बदलून मिळते.

हीच अदलाबदल कबाड्याकडेही चालते, आणि घासाघिशीपेक्षा बरी. अंक किती किलो भरले ते बघायचं आणि तेवढ्याच वजनाचे ताजे पेपर त्याच्या काट्यावर ठेवायचे. पेपरचा भाव जास्त असल्याने तो खूश, आपण त्याहून खूश, आणि अँटिकचा विषय निघत नाही. एकच काळजी घ्यायची: पेपरचा गठ्ठा स्वतः बांधायचा. घरच्यांनी बांधून दिला असेल तर सुतळी सोडून मधे एकदा पाहून घ्यावं. त्यांचाही रद्दीबद्दल एक ठाम अभ्यास असतो, आणि फ्रीजर रिकामं करायची ते संधीच बघत असतात.