गळा वळत नाही म्हणणाऱ्या तबलजींना

‘पुण्याचा एक तबलजी’ अशा सहीने माझ्या मागच्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. मी एक्केचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागले, पुढे संगीतात एम.ए. केलं आणि आता शिकवते, एवढंच त्या लेखात होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाळिशीनंतर गळा वळत नाही, म्हणजे जलद ताना घेण्याइतका लवचीक होत नाही, हे प्रत्येक गुरूला ठाऊक असतं, पण फी बुडेल म्हणून कोणी बोलत नाही. नवऱ्याचा पगार असला की छंदालाही करिअर म्हणता येतं. संगीतात एम.ए. झालेली तरुण मुलं बेकार फिरताहेत. आणि शेवटी, ‘ग्वाल्हेरच्या काकूंनी भजनी मंडळ काढावं, ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायकीच्या, वाटेला जाऊ नये.’

शेवटापासूनच सुरू करते, कारण झोंबलं ते तेच. अहो, ज्या पुण्यात बसून तुम्ही हे लिहिता तिथे ख्याल पोचला कुठून? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशांकडे शिकले, ते वासुदेवबुवा आमच्या ग्वाल्हेरचे, हद्दू-हस्सू खाँ या ख्यालिया भावांच्या तालमीतले. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन, आणि विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. तेव्हा गावाचं नाव घेऊन नाक मुरडताना जरा जपून. शिवाय भजनी मंडळातल्या बायकांनी तुमचं काय घोडं मारलंय? ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात दर एकादशीला गाणाऱ्या कितीतरी जणींचा षड्ज तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ लागतो. असो.

आता गळ्याचं. एक गोष्ट आधीच मान्य करते, म्हणजे हट्टी म्हणणार नाही तुम्ही. टप्पा नावाच्या चपळ गानप्रकारातली तान, ती दाणेदार, वळणावळणाची, मधेच झटका देऊन उलटणारी, उशिरा शिकायला लागलेल्या गळ्यातून सहसा निघत नाही. माझ्या निघत नाही. स्वरयंत्रातली कूर्चा वयाबरोबर कडक होत जाते. पाळी गेल्यावर बाईचा आवाज खाली उतरतो. माझा षड्ज पेटीच्या काळी पाच पट्टीवरून खालच्या काळी चारवर आला तो असाच. हे मला तुमच्या प्रतिक्रियेतून कळायचं होतं असं समजू नका.

पण ‘कोणी गुरू बोलत नाही’ हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? माझ्या गुरुजींनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, ‘बाई, तान पळेल याची आशा धरू नका. लय कळते का ते आधी बघू.’ सांगून वर पूर्ण थंडीभर पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकाचे स्वर, घोटायला लावला. ग्वाल्हेरची थंडी पुण्यासारखी गुलाबी नसते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं आवरायच्या आत रियाज संपवायचा, आणि दहा वाजता विमा कंपनीच्या कचेरीत माझं टेबल. या माणसाला तुम्ही फीसाठी गप्प बसणाऱ्यांत बसवलंत. माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहा, पण न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल लिहिताना हात आखडायला हवा होता.

गळा वळला नाही तर उरतं काय, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही तबलजी, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. तिलवाडा या विलंबित तालात ख्यालाची स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, पूर्ण भरून मांडणं, बहेलावे म्हणजे संथ, झुलते स्वरसमूह घेत राग फुलवत नेणं, बोल लयीला लावून मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर, बिनचूक येणं, हा सगळा ग्वाल्हेर गायकीचा भाग आहे. तिला अष्टांग, म्हणजे आठ अंगांची गायकी, म्हणतात ते उगाच नाही. सुरू तानेपासून करायचं आणि तान आली नाही म्हणून दुकान बंद, हा हिशोब कुठल्या घराण्याचा? बंदिशीचा डौल, शब्दाचं वजन, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठून दिसायला लागते ते, हे मोठ्या माणसाला कधीकधी लवकर उमगतं. नऊ वर्षांच्या मुलाला तान येते, पण त्याला ‘जरा थांब’ म्हणून बघा.

आणि उशिरा शिकणाऱ्यांसाठी वाट मुळात पाडली कोणी? पूर्वी गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, मग कधीतरी एखादी स्थायी कानावर पडायची. संसारी माणसाला ते जमणारच नव्हतं. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे माधव संगीत विद्यालय सुरू केलं तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. वकिली सोडून पूर्णवेळ संगीताकडे वळले तेही चाळिशीच्या आसपासच. ते लहानपणापासून शिकलेले होते, असं तुम्ही लगेच म्हणाल. म्हणा. मी त्यांना गळ्याचा साक्षीदार म्हणून बोलावलेलंच नाही. ठरलेली वेळ, वर्ग, पायरीपायरीचा अभ्यासक्रम, स्वरलिपीत छापलेल्या बंदिशी, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग, आणि तेही मुळात मराठीत, हे सगळं झालं म्हणून कचेरी सुटल्यावर माझ्यासारखीला शिकता आलं. मी मैफलीची गायिका झाले असं मी लिहिलेलंच नाही. लेख पुन्हा उघडून बघा. मी शिकवते, परीक्षांच्या मुलांची शास्त्राची तयारी करून घेते, कोणी बोलावलं तर पेटीची साथ करते. संगीतावर पोट भरणाऱ्यांतले बहुतेक हेच करतात, तुम्हीही शिकवण्या घेत असणार.

नवऱ्याच्या पगाराचा मुद्दा माझ्या घरातला आहे, तो इथे चघळायचा नाही. बेकार मुलांविषयी माझं दुमत नाही. पण माझ्याकडे येणारे विद्यार्थी मी त्यांच्या हातून हिसकावलेले नाहीत, आणि कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या नेट या परीक्षेत सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही, अट जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, आहे. नियम मी केलेला नाही.

यापुढे नाव लपवून लिहिलेलं मी इथे ठेवणार नाही. पन्नाशीत प्रवेश घेऊ का, असं ज्या ताईंनी विचारलंय, त्यांना परीक्षा आणि फीविषयी वेगळं लिहिते. या भांडणाखाली ते दडून जाईल.